वाचकांचे प्रश्न : नाक्यावरचं ऊन, खाडीतलं नुकसान

प्रश्न : आम्ही कळव्याहून रोजावर जाणारे तीसेक गवंडी आणि बिगारी आहोत. घोडबंदर रोडला इमारतींची कामं असतात. ‘उष्णतेची लाट असेल तेव्हा दुपारी काम बंद’ अशी मागणी ठेकेदाराला लिहून द्यायची आहे. कशी लिहावी?

उत्तर : आधी त्यातून ‘उष्णतेची लाट’ हे शब्द काढा. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश असावं लागतं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं, तेव्हाच लाट धरतात. ठाण्यात मे महिन्यात पारा ३४-३५ वर असतो, घाम वाळत नाही आणि स्लॅबवर माणसाला भोवळ येते. पण कागदावर लाट नसते. ठेकेदार नेमकं तेच दाखवेल. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली. ती तर नुसती बसली होती, त्यांच्या डोक्यावर घमेलं नव्हतं.

मागणी स्वतः मोजलेल्या आकड्यावर उभी करा. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून ० ते ५० अंशांचे दोन साधे तापमापक घ्या आणि फळीवर शेजारी शेजारी बांधा. एकाच्या फुग्याला मलमलची वात गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. फुगा स्वतः पाण्यात बुडू देऊ नका, दोन-तीन सेंटिमीटर वर राहू द्या. फळी सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर टांगा. तापलेल्या भिंतीला टेकवू नका. पुठ्ठ्याने तीन-चार मिनिटं वारा घाला, मगच आकडा वाचा. वात सुकली किंवा क्षारांनी कडक झाली की आकडा उगाच चढतो, म्हणून ती आठवड्याला बदला. कोरडा ३४ आणि ओला २९ असेल तर हवेत आर्द्रता साधारण ७० टक्के समजा. अकरा, एक आणि तीन वाजता आकडा वहीत लिहा आणि शेजारी दोघांच्या सह्या घ्या. कारखान्यांच्या नियमांत ओल्या तापमापकाची मर्यादा ३० अंश आहे. बांधकामाला ती थेट लागू नसली तरी बोलणीत वजन देते. उघड्यावर वरून ऊनही असतं, म्हणून आमच्या मते ओल्या तापमापकावर २८ ला तासाला पंधरा मिनिटं सावली आणि ३० ला बाहेरचं काम बंद, अशी मागणी रास्त आहे.

पैशाचं कलम मात्र सर्वांत वर लिहा : थांबलेल्या वेळेचा रोज (मजुरी) कापायचा नाही. हे लिहिलं नाही तर दुपारची सुट्टी म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा होतो आणि तिसऱ्या दिवशी तुमचीच माणसं उन्हात चढतात. ठेकेदाराचंही काम अडू नये म्हणून कामाची फिरवाफिरव सोबत जोडा. सेंटरिंग आणि लोखंड सकाळी, टाइल्स आणि आतली कामं दुपारी. पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर सकाळी, पूर्वेचं दुपारनंतर. साइटच्या इंजिनिअरला हेही सांगा, की भर दुपारी ओतलेल्या स्लॅबचं पाणी झटकन उडतं आणि वरून तडे जातात. तो हे नाकारणार नाही. शेजारच्या सोसायट्या सकाळी सातच्या ठोकाठोकीला विरोध करतील. त्यांच्या सेक्रेटरीला आधीच भेटून तोडफोड आणि ड्रिलिंग दहानंतर ठेवायचं कबूल करा.

पाण्याचा हिशेब आकड्यात द्या. दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे माणशी तासाला पाऊण लिटर. तीस माणसं, आठ तास : १८० लिटर, म्हणजे २० लिटरचे नऊ जार. जार तळमजल्यावर आणि माणसं अकराव्या मजल्यावर, हे चालणार नाही. बायकांसाठी दार लागणारं स्वच्छतागृह याच कलमात घ्या. ते नसतं म्हणून बिगारी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि ऊन आधी त्यांना लागतं. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकंच द्या, मग रोज तेवढंच वाढवा. कोणी असंबद्ध बोलू लागला तर १०८ ला फोन लावा आणि तोवर अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : आमचा मालक रोज बदलतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायला ९० दिवस काम केल्याचा दाखला कुठून आणायचा? आणि युनियन नोंदवायला किती माणसं लागतात?

उत्तर : दाखला ठेकेदार देतो, तो नाही म्हणाला तर महापालिकेच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे मागा. दोघंही पुरावा विचारतील, म्हणून तारीख, साइट, काम, रोज आणि मुकादमाचा फोन रोज संध्याकाळी वहीत लिहून त्याची सही घ्या. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा नव्या कामगार संहितांत गेला, तरी १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस ही अट तशीच आहे. अर्ज बहुधा आधार आणि बँकेतल्या नावाच्या फरकावर अडतो. युनियनच्या अर्जावर सात सह्या पुरतात, पण त्या उद्योगातले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला कमी आकडा सभासद म्हणून दाखवावा लागतो. मजूर जमतात त्या नाक्यांसाठी तो आकडा शंभरच धरा. तीस जणांत भागणार नाही. शेजारच्या दोन-तीन नाक्यांना आत्ताच सोबत घ्या.

प्रश्न : आम्ही नवी मुंबईतल्या कोळीवाड्यातले. खाडीत राडारोडा पडतो, चिंबोरी आणि निवट्या घटल्या. भरपाई मागता येईल का?

उत्तर : येईल. जेएनपीटी बंदराच्या कामांमुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला होता. भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. म्हणून राडारोडा पहिल्यांदा पडला ती तारीख फोटोसह पक्की करा. फोनमधलं लोकेशन चालू ठेवूनच फोटो काढा. कांदळवनावर भराव असेल तर उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा तक्रारीत लिहा.

दावे पडतात ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. घरटी एक वही ठेवा : तिथी, उधाण की भांग (भरती-ओहोटी कमी असते ते दिवस), जाळं कोणतं, कोणती मासळी किती किलो, काय भावाने गेली. निदान एक पूर्ण वर्ष लिहा, कारण पावसाळ्याची आणि हिवाळ्याची मासळी वेगळी असते. वाईट दिवस गाळू नका आणि चांगले दिवसही लपवू नका. समोरचा वकील सगळेच दिवस सारखे दिसले की वही खोटी ठरवतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बोटीच्या कागदांवरून यादी झाली की चिखलात उतरून हाताने चिंबोऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका तिच्यातून गळतात, कारण त्यांच्या नावावर बोट नसते. त्यांची वही त्यांच्याच नावाने वेगळी ठेवा, त्या उतरतात ती जागा नकाशावर दाखवा आणि मासळी घेणारणीची सही रोजच्या रोज घ्या. मच्छीमार सोसायटीच्या ठरावात त्यांची नावं पहिल्याच यादीत लिहा. पुरवणी यादी मागाहून जोडायला गेलात तर समोरचे तिलाच आधी हरकत घेतील.