टामियाची बीटल किट स्लॉट ट्रॅकवर पळेल का? पळेल, पण निम्मी किट डब्यातच राहील

तुम्ही विचारलंय ते असं: टामियाची १/२४ मापाची फोक्सवॅगन बीटल घरात न जोडता पडून आहे, मामेभावाने स्कॅलेक्स्ट्रिकचा, म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळणाऱ्या गाड्यांचा (स्लॉट कारचा), सेट आणलाय, तर किट सूचनापत्रकाप्रमाणे जोडून मग मागच्या चाकांना मोटर लावली की ती त्या ट्रॅकवर पळेल का, आणि किटचीच चाकं चालतील का?

बीटल पळेल. पण पत्रकाप्रमाणे जोडलीत तर नाही. डबा अजून उघडला नसेल तर उत्तमच, कारण माझी पहिली गाडी मी आधी पूर्ण जोडली, रंगवली आणि मग दोन रात्री बसून तीच गाडी मागून पुढे सुटी करत गेलो.

कामाला नसल्यामुळे मोकळा वेळ होता असं नाही. मी तेव्हा इंग्लंडमध्ये डर्बीला नोकरीला होतो आणि दर गुरुवारी एका चर्चच्या हॉलमध्ये लाकडी ट्रॅक मांडून खेळणाऱ्या मंडळींत जायला लागलो होतो. तिथल्या एका आजोबांनी माझी गाडी हातात घेतली, उलटी केली, आणि काही न बोलता तळहातावर तोलून मला परत दिली. गाडीचं वजन सगळं वर होतं. आपल्याकडे म्हणतात ना, नाकापेक्षा मोती जड, तसं. पहिल्याच वळणावर तिने पलटी खाल्ली आणि टपावरचा रंग गेला.

म्हणून आधी एक गोष्ट मनात पक्की करा. स्लॉट कारमध्ये गाडी म्हणजे चॅसी, खालचा सांगाडा. मोटर, गिअर, चाकं, गाईड (नाकाखालचं पातं, जे खाचेत बसतं आणि ट्रॅकमधून वीज घेतं) सगळं तिच्यावर. किटमधून येते ती बॉडी, आणि ती या गाडीने घातलेली टोपी आहे. टोपी हलकी हवी आणि थोडी सैल हवी. बाकी सगळे निर्णय यातूनच निघतात.

आता मापं. खऱ्या बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिमी, म्हणजे १/२४ ला बरोबर १०० मिमी. गुणाकार-भागाकार करणाऱ्यांसाठी याहून सोयीची गाडी नाही. लांबी साधारण १७० मिमी, रुंदी ६४, आणि उंची ६२ च्या आसपास. हे शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. गाडी जवळजवळ रुंद तितकीच उंच आहे. रेसिंगसाठी लोक चपट्या गाड्या निवडतात ते उगाच नाही. तुम्ही निवडलीत ती पाटावर ठेवलेल्या नारळासारखी. त्यामुळे वजन खाली नेणं इतरांसाठी चांगली सवय असेल, तुमच्यासाठी ती अट आहे.

ट्रॅकचंही बघा. स्कॅलेक्स्ट्रिकचा ट्रॅक १५६ मिमी रुंद आणि मुळात १/३२ च्या गाड्यांसाठी. दोन खाचांत ७८ मिमी अंतर. तुमची ६४ मिमीची बीटल त्यात मावते, पण शेजारून भावाची गाडी गेली की मध्ये बोटभर जागा उरेल, आणि वळणावर मागचा भाग फेकला गेला की तीही नाही. सेटमधली सगळ्यात आवळ वळणं टाळा, मोठ्या त्रिज्येची वापरा, बाहेरच्या बाजूला ट्रॅक रुंद करणाऱ्या पट्ट्या लावा. एकट्याने पळवायला काहीच अडचण नाही. आणखी एक: सेट डिजिटल (एका खाचेत अनेक गाड्या पळवणारा) असेल तर गाडीत चिप लागते. चिप नसलेली गाडी डिजिटल चालू असताना त्या ट्रॅकवर ठेवू नका, मोटर जाते.

जाता जाता सांगतो, हे जे तुम्ही करायला निघालात त्याला मोठा वंश आहे. स्कॅलेक्स्ट्रिकचा जन्मच असा झाला. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज गृहस्थाची मिनीमॉडेल्स नावाची कंपनी स्कॅलेक्स या नावाने स्प्रिंगवर पळणाऱ्या पत्र्याच्या गाड्या करायची. त्याच गाड्यांत त्याने विजेची मोटर घातली आणि १९५७ साली त्या ट्रॅकसकट बाजारात आणल्या. स्कॅलेक्स अधिक इलेक्ट्रिक, झालं नाव. पहिल्या गाड्यांत मासेराटी २५० एफ होती, बॉडी पत्र्याचीच.

तर चॅसी. तीन रस्ते आहेत. तयार ऍडजस्टेबल चॅसी मागवता येते, १/२४ साठी जर्मनीच्या प्लाफिटचं नाव चांगलं आहे, पण ती चपट्या रेसिंग गाड्यांच्या हिशेबाने केलेली आणि किमतीला भारी. दुसरा रस्ता थ्रीडी प्रिंटचा. पुण्यात आता गल्लोगल्ली प्रिंट करून देतात, फक्त पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक नको. मोटर तापली की साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं आणि गिअरची पकड बिघडते. पीईटीजी किंवा नायलॉन सांगा. तिसरा रस्ता पितळेचा, आणि तुमच्या उंच गाडीला मी तोच सुचवेन. पितळ जड असतं आणि ते अगदी खाली बसतं. जे वजन नंतर शिसं चिकटवून घालायचं ते चॅसीच पुरवते.

रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला पितळी पत्रा आणि पट्टी सहज मिळते. मी मधला कणा दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा करतो आणि दोन्ही बाजूंना सायकलच्या स्पोकचे आडवे-उभे दांडे देतो. पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, आणली तर अधिक चांगलं, पण स्पोकवर माझ्या दोन गाड्या बिनतक्रार पळतायत. डाग द्यायला २५ वॅटची नेहमीची सोल्डरिंग गन पुरत नाही, पितळ उष्णता पिऊन टाकतं. निदान ६० वॅटची घ्या. ऍसिड फ्लक्स वापरलात तर काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर आठवड्यात हिरवं धरतं आणि बेअरिंग गंजतात. आणि हे सगळं ग्रॅनाइटच्या तुकड्यावर करा. मार्बलवाल्याकडे कापून उरलेला तुकडा फुकट मिळतो आणि त्याच्याइतकं सपाट घरात काही नसतं. चॅसी एका कोपऱ्यावर अर्धा मिलिमीटर जरी डुगडुगली तरी गाडी एकाच बाजूच्या वळणावर सुटते आणि आपण उगाच टायरला दोष देत बसतो.

एक्सलला, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याला, बाजारातला कुठलाही दांडा नको. स्लॉट कारच्या जगात ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिमी हे माप सगळ्यात रुळलेलं आहे. चाकं, गिअर, बेअरिंग सगळं त्याच मापाचं घ्या. एक्सल, बेअरिंग, गिअर, गाईड आणि मागची ऍल्युमिनियमची चाकं ही पाचच गोष्टी मी बाहेरून मागवतो, इटलीच्या स्लॉट डॉट इटच्या किंवा तशाच कुणाच्या. सगळं एकाच पाकिटात मागवा, कस्टमचा भुर्दंड एकदाच बसतो.

मोटरवर मात्र मी एकदा शहाणपण करायला गेलो होतो. आकार बघितलात तर स्लॉट कारची नेहमीची मोटर आणि खेळण्यातली १३० नंबरची मोटर सख्ख्या बहिणी. २० मिमी रुंद, १५ उंच, २५ लांब, दांडा २ मिमी. तपकीर गल्लीत ही खेळण्यातली मोटर किरकोळ पैशात मिळते. मी लावली. पण ती तीन ते सहा व्होल्टसाठी गुंडाळलेली असते आणि ट्रॅकवर बारा व्होल्ट किंवा त्याहून थोडे जास्तच येतात. चार फेऱ्या अशी काही सुसाट गेली की मी बायकोला बघायला बोलावलं. ती येईपर्यंत मागच्या झाकणातून धूर निघत होता आणि आतल्या बाजूने प्लॅस्टिक ओघळलं होतं. तेव्हा बारा व्होल्टची, मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांच्या आसपासची मोटर घ्या. त्याहून जोरकस नको.

हिशेब बघा ना. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, ९ दाती, एक्सलवरचा क्राउन गिअर २७ दाती. मोटरच्या अठरा हजार फेऱ्यांचे चाकाला सहा हजार. २५ मिमीचं चाक एका फेरीत साडेअठ्ठ्याहत्तर मिमी जातं. म्हणजे ओझं नसताना ताशी २८ किलोमीटर. गाडीच्या मापात हा वेग साडेसहाशेच्या वर जातो. खरी बीटल १३०० जेमतेम १२० गाठायची! वेग कमी पडणार नाही, वळण कमी पडेल.

मोटर लांबीच्या दिशेने, मागच्या एक्सलच्या पुढे बसवा. इथे उंच चाकांची अडचण येते. क्राउन गिअर लावायचा तर मोटरचा दांडा एक्सलच्या मध्यावर रोखलेला हवा, आणि एक्सल जमिनीपासून साडेबारा मिमीवर. सरळ बसवली तर मोटर अधांतरी राहते. म्हणून तिचं पुढचं टोक खाली झुकवा, ट्रॅकपासून दीड-दोन मिमीवर येईल इतकं. दांड्याचा रोख एक्सलकडेच राहतो आणि मोटरचं वजन खाली येतं. एवढ्या एका बदलाने माझी गाडी सुधारली तितकी दुसऱ्या कशाने सुधारली नाही.

गाईड जितका पुढे नेता येईल तितका न्या, पण वरून बघताना बंपरच्या बाहेर डोकावू नये. बीटलचं नाक खाली वळतं, तिथे आतून कानशीने जागा करावी लागेल. लाकडी ट्रॅकसाठी मिळणारा खोल पात्याचा गाईड घेऊ नका, प्लॅस्टिक ट्रॅकच्या खाचेत तो तळाला घासतो. तारा मऊ, सिलिकॉनच्या आवरणाच्या. कडक तार गाईडला सरळ होऊ देत नाही. गाडी उलटी पळाली तर घाबरू नका, मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा.

किटच्या चाकांबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. ती चाकं दिसायला हवीत, पळायला नकोत. टायर पोकळ आणि कडक, ट्रॅकवर साबणासारखे घसरतात. त्यातला दर्शनी भाग, म्हणजे क्रोमचा कॅप आणि रिम, पुढून तेवढा कापून घ्या. मागून पॉलिश पेपरवर घासत घासत कागदाइतका पातळ करा आणि ऍल्युमिनियमच्या चाकात चिकटवा. टायर युरेथेनचे घ्या. सिलिकॉनचे स्वच्छ ट्रॅकवर झकास चिकटतात, पण आपल्याकडची धूळ बघता दर दोन फेऱ्यांनी पुसत बसावं लागतं. टायर रिमला चिकटवा, मग ट्रॅकवर पॉलिश पेपर पालथा नव्हे, खरखरीत बाजू वर करून डकवा आणि गाडी हाताने धरून मागची चाकं त्यावर फिरवा. गोल दिसणारा टायर किती वाकडा होता ते तेव्हा कळतं. पुढच्या चाकांनी नुसतं टेकल्यासारखं करायचं. पुढचा भार गाईडने घ्यायचा.

आता टोपी. किटमधलं इंजिन, सस्पेन्शन, खालचा तळ हे सगळं पिशवीत घालून बाजूला. वाईट वाटतं, टामियाचे छोटे भाग फार देखणे असतात. सीटची पाठ आणि स्टिअरिंग तेवढं वापरा. आतला तळ खेळण्याच्या पॅकिंगमधल्या पातळ प्लॅस्टिकचा करा आणि त्यावर छातीपर्यंतचाच ड्रायव्हर बसवा. खाली पाय कुणी बघत नाही. बॉडीच्या आतला प्लॅस्टिकचा जाडपणा, विशेषतः टपाचा, कोरून कमी करता येतो, पण बाहेरून उजेड दिसायला लागला की थांबा. काचा फेविक्विकने चिकटवल्यात तर वाफेने पांढऱ्या पडतील. साधा पांढरा फेविकॉल लावा, वाळल्यावर दिसत नाही आणि धक्का सोसतो. आरसे लावूच नका.

बॉडी चॅसीला धरायला आतून चार खुंट लागतात. किटच्या सांगाड्याचे, ज्यातून भाग तोडून काढतो त्या दांड्यांचे, जाड तुकडे कापा, बुडाशी एम-सील थापा, मधोमध बारीक भोक पाडा. चॅसीतली भोकं स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी ठेवा. स्क्रू पूर्ण पिळायचा आणि मग अर्धा फेरा उलट सोडायचा. हातात धरून हलवली तर बॉडी किंचित खुळखुळली पाहिजे. नवख्याला हे काम कच्चं राहिल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण वळणावर उंच टपाला बसणारा हिसका त्या खुळखुळण्यात विरतो, चाकांपर्यंत पोचत नाही. माझ्या बीटलची बॉडी रंगासकट ५८ ग्रॅम आहे आणि चॅसी ११४. साधारण एकास दोन जमलं की निर्धास्त व्हा.

सेटमधल्या गाड्यांखाली लोहचुंबक असतो, तो इथेही लावावा का हे तुम्ही पुढे विचारालच. मी लावत नाही. चुंबकाने गाडी रुळाला चिकटून राहते आणि सुटते तेव्हा एकदम सुटते, हाताला काही कळूच देत नाही. पण मुलं चालवणार असतील तर मागच्या एक्सलच्या पुढे एक लहानसा लावा आणि मला नावं ठेवा.

पहिल्यांदा पळवाल तेव्हा बॉडी न घालता नुसती चॅसी वीस मिनिटं हळू फिरवा, गिअर एकमेकांना सरावतात. मग टोपी घाला. आणि ट्रॅक फरशीवर मांडला असेल तर वळणांच्या बाहेर जुनी सतरंजी अंथरा. बीटल उडाली की आधी पुढचा बंपर तुटतो, आणि त्या एका बंपरसाठी दुसरी किट घेण्याची पाळी माझ्यावर आलेली आहे.