पावसाळ्यात सायकल बाइक वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन घेतली तर चालेल का? चेनला किती दिवसांनी तेल घालावं?

नाही, चालणार नाही. धुणारा पोरगा फवारा नेमका कुठे धरतो ते एकदा बघा. चेनव्हीलच्या मागे, हबच्या कडेला, जिथे काळं साचलेलं दिसतं तिथेच. आणि तिथेच आत छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या असतात. साध्या सायकलच्या बी.बी.ला (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा अॅक्सल ज्यात फिरतो तो भाग) पाणी अडवणारं सील नसतं. कप आणि अॅक्सल यांच्यामधली फट ग्रीसनेच बुजलेली असते. फवाऱ्याने ते ग्रीस निघून जातं आणि त्याच्या जागी पाणी जाऊन बसतं. बाहेरून मात्र सायकल लखलखते. ते लखलखणं मी बघितलेलं आहे, म्हणून एवढं लिहितोय.

आमचं घर सांगलीत, कृष्णेपासून जवळच. अण्णा मिरजेला नोकरीला होते. जाऊन-येऊन वीसएक किलोमीटर, काळ्या चोवीस इंचीवर, रोज. रविवारी सकाळी ते सायकल उलटी करायचे, करवंटीत रॉकेल घ्यायचे, दाढीच्या जुन्या ब्रशने चेन घासायचे आणि फाटक्या बनियनने कोरडी पुसायचे. सायकलवर बादली ओतलेली मी खंडेनवमीलासुद्धा पाहिली नाही. त्या दिवशीही ओलं फडकं फिरवायचं, मग कोरडं, मग झेंडूचा हार. ओव्हरऑयलिंग वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत. नववीत गेल्यापासून ते काम माझ्याकडे होतं. पायडलचे दांडे अॅक्सलला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना ठोकून काढायच्या, कप सोडवायचे (चेनकडच्या कपाचे आटे उलटे असतात, विसरलात तर आटे गेलेच), पाव इंची छर्रे एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा, आणि नवं ग्रीस. अण्णा शेजारी चहा घेत बसायचे, पण हात लावायचे नाहीत. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

२००५ च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं आणि सायकल काही दिवस त्या पाण्यातच उभी राहिली. पाणी उतरल्यावर मी म्हणालो, सगळी खोलूया. दादा म्हणाला, घरात गुडघाभर गाळ आहे आणि तुला सायकल सुचतेय? त्या दिवशी त्याचं बरोबरच होतं. पण आठवड्याने तोच सायकल धुण्याच्या सेंटरवर घेऊन गेला, सगळा गाळ उडवून आणला, चेनवर भरपूर तेल सोडलं आणि अण्णांना म्हणाला, "बघा, नवी करून आणली." मी पुन्हा म्हणालो, आत पाणी असणार. कुणी लक्ष दिलं नाही.

तीन आठवड्यांनी अण्णा पुलाच्या चढावर पायडलवर उभे राहून जोर लावत होते. बी.बी. जाम झाली, पाय सटकला, हात टेकला तो मनगट मोडूनच. दीड महिना प्लॅस्टर. दादाने घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की छर्रे धाकट्याने बसवले होते, कमी पडले असतील. अण्णा यावर काही बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

त्याच रात्री मी बी.बी. खोलली. आधी तांबूस पाणी गळालं, मागोमाग बारीक चिकट गाळ. ग्रीसचा मागमूस नाही. छर्ऱ्यांना खड्डे पडलेले, दोन फुटलेले, उजव्या कपात छर्रे फिरतात तिथे खोल चरे. मी मोजले. तुकडे धरून अकरा आणि अकरा. कप दादासमोर ठेवला तर म्हणाला, सायकल जुनीच होती. होती ना जुनी. पण दरवर्षी खोलून ग्रीस भरलेली होती, आणि त्यातला गाळ मी भरला नव्हता. अजूनही घरात कार्य निघालं की हा विषय निघतो आणि अजूनही तो 'जुनीच होती' एवढंच म्हणतो.

आता चेनचं. दिवस मोजू नका. पावसात भिजून आलात की त्याच संध्याकाळी चेन कोरडी पुसून तेल घाला, सकाळी बघू म्हणालात तर गंज धरलेला दिसेल. कोरड्या दिवसांत दोन आठवड्यांनी पुरे. तेल रोलरच्या आत पिनेपर्यंत जायला हवं, म्हणून प्रत्येक कडीवर एकच थेंब, मग पायडल उलटं फिरवा आणि दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलात धूळ बसते आणि ती पॉलिश पेपरसारखी दात झिजवते. खोबरेल घालू नका, थंडीत बाटलीत गोठतं तसं ते चेनमध्येही गोठतं. साधं डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि गंजलेला नट सोडवायला ठीक आहे, चेनचं तेल म्हणून ते टिकत नाही. स्टीलच्या पट्टीने चोवीस कड्या मोजा, नव्या चेनवर बरोबर बारा इंच भरतात. दीड मिलिमीटर जास्त भरल्या की चेन बदला, नाहीतर फ्रीव्हीलचाही (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचाही) खर्च येईल.

तुमची सायकल गिअरची असेल आणि बी.बी. सीलबंद असेल तर ती दरवर्षी खोलायची नसते. फवारा मात्र तिच्यावरही नको, त्या रबरी सीलची ताकद रस्त्यावरच्या पावसापुरतीच असते. डिस्क ब्रेक असतील तर तेलाचं किंवा रॉकेलचं फडकं डिस्कच्या जवळही नेऊ नका. बादलीतलं साबणाचं पाणी आणि स्पंज खुशाल वापरा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

आतापर्यंत दोन-तीनदा प्रेशरने धुऊन झालं असेल तर आज सीट नळीसकट काढा आणि सायकल उलटी धरा. पाणी निघालं तर याच रविवारी बी.बी. खोलून घ्या, आणि छर्रे तुमच्यासमोर मोजून बसवायला लावा.