मॉडला घातले साडेचार लाख, रनिंग दीड लाखाजवळ, आता गाडीची किंमत काय लावू?

प्रश्न : दादा नमस्कार, माझ्याकडं २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, एमएच-०९ पासिंग, मी दुसरा मालक, रनिंग १,४६,००० झालंय. स्टेज टू रिमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमधला बदल), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पहिला पाइप), इनटेक (इंजिनला हवा देणारा भाग), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), मोठे अलॉय असं सगळं मिळून साडेचार लाख घातलेत. गाडीत एक रुपयाचं काम नाही. एजंट म्हणतोय एवढं रनिंग आणि वर मॉडिफाय, दहा लाखाच्या वर कोण घेणार नाही. पण पुण्यात ७० हजार पळालेली स्टॉक, म्हणजे काहीच न बदललेली, गाडी साडेसोळाला गेल्याचं मला ओळखीतनं कळलंय. मग मी साडेसोळा अधिक मॉडचे पैसे मागितले तर काय चुकलं?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : भावा, चुकलं. आणि एजंट पण चुकतोय, पण त्याचं त्याला माहीत आहे, तुझं तुला माहीत नाही एवढाच फरक.

मॉडचे पैसे परत येत नसतात. जोतिबाच्या जत्रेत खर्च केले समज, मजा आली, विषय संपला. ज्याला स्टेज टू पाहिजे त्याला ते स्वतःच्या ट्यूनरकडनं करून घ्यायचं असतं आणि ज्याला नको असतं तो बोनेट उघडून इनटेक बघितला की मनात म्हणतो ह्या पोरानं गाडी पिळलीय. म्हणजे दोघंही त्याचे जादा पैसे देत नाहीत, दुसरा तर उलट कापतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, गाडी स्टॉक कर आणि पार्ट वेगळे विक. कॉइलओव्हर आणि अलॉयला गिऱ्हाईक पटकन मिळतं, चांगल्या कंडिशनला निम्म्याच्या आसपास पैसे सुटले तर गप घे. रिमॅपचे शून्य धर, ते सॉफ्टवेअर आहे, काढून देता येत नाही. खरा प्रश्न हा की ओरिजिनल पार्ट कुठायत? माळ्यावर असतील तर तू जिंकलास. पण ओरिजिनल डाउनपाइप भंगारवाल्याला दिला असशील तर अवघड आहे कारण त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणूनच तो एवढ्या प्रेमानं मागत होता. नवीन घ्यायला गेलास की डोळे पांढरे होतील, तरी चांगला जुना शोधून बसव.

हे नुसतं किमतीसाठी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए बदललं त्यात अशा एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घेणारा आता हे वाचून येतो. शिवाय इन्शुरन्सला मॉड कळवलेले नसतील तर क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं.

रिमॅप मात्र लपवू नको. स्टॉक फाइल परत टाकली तरी स्कोडाच्या फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना कंपनीच्या सिस्टीममध्ये टीडी १ नावाचा, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरला हात लावल्याचा, शिक्का बसलेला असू शकतो, सर्व्हिस सेंटरला गाडी जोडली की दिसतो. घेणारा हुशार असला तर तिथंच तपासणार आणि मग तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टी पण खोट्या ठरणार. आधीच सांग, कुठनं केला, किती किलोमीटर त्यावर पळाली, डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनचा, कागद असेल तर तो दे.

आता रनिंगचं. १,४६,००० ला लोक घाबरतात ते आकड्याला नाही, पुढं येणाऱ्या खर्चाला. ह्या गाडीचा सहा स्पीडचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइलमधल्या क्लचचा आहे, त्याचं ऑइल दर ६०,००० ला बदलायचं असतं, म्हणजे तुझ्याकडं दोन बिलं पाहिजेत. ह्या इंजिनला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट हाउसिंग गळायची खोड आहे, ते बदललं असेल तर बिल सगळ्यात वर ठेव. मग माउंट, बुश, डिस्क, टायर, आणि आपल्या सातारा-कागल सहापदरीच्या कामानं सस्पेन्शनची जी वाट लावलीय ती वेगळीच. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं केलेलं काम असलं तरी चालतंय, पण त्यावर किलोमीटर आणि तारीख पाहिजे. फाइल जाड असली की रनिंगचा मुद्दा निम्मा मरतो.

आणि एक आपल्याकडचंच दुखणं. कोल्हापूरचं एमएच-०९ आणि सांगलीचं एमएच-१० बघितलं की पुण्या-मुंबईचा माणूस पहिलं विचारतो, पुरातली आहे का? २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै त्याला पण आठवतोय. रागवू नको, त्याचं बरोबर आहे. त्या दोन्ही वेळच्या आसपासची सर्व्हिस हिस्ट्री आणि इन्शुरन्सचा क्लेम रेकॉर्ड काढून ठेव. सीटबेल्ट पूर्ण ओढून दाखव, पाणी शिरलेल्या गाडीत तिथं चिखलाची रेघ राहते, कार्पेट उचलून खालचे बोल्ट दाखव. तू दुसरा मालक आहेस, तेव्हा तुझ्या आधीचं सुद्धा तपासून घे, नुसतं आमच्या गल्लीत पाणी आलंच नव्हतं म्हणून भागत नाही.

किंमत. तुझ्या गाडीची एक बाजू भारी आहे ती म्हणजे ह्या गाड्या मुळातच कमी आहेत. २०१७ ला ही २३० पीएस पॉवरची आली ती मोजकीच आली, २०२० ची २४५ पीएसची फक्त २०० आणली, आणि ऑक्टोबर २०२५ ला आली ती १०० च, तीही ४९.९९ लाखाला. त्यामुळं ज्याला हीच पाहिजे त्याला जुन्या बाजाराशिवाय रस्ता नाही. पण नवी पन्नासची आहे म्हणून माझी वीसची असलं गणित करू नको, ते गिऱ्हाईकच वेगळं. तुझा साडेसोळाचा आकडा खरा धरला तर त्यातनं दुप्पट रनिंगचे आणि घेणारा तिसरा मालक होणार त्याचे मिळून तीन तरी जातील. स्टॉक करून, फाइल लावून साडेतेरा सांग, पावणेतेराच्या खाली येऊ नको. आहे तशी विकायची तर बारा सांग आणि थांबायची तयारी ठेव. एजंटचे दहा हे त्याचं मार्जिन काढून आहेत, ओ.

गाडी बघायला येतील तेव्हा इंजिन थंड ठेव, आधी गरम करून ठेवलेली गाडी बघून शहाणा माणूस लगेच परत जातो. चावी द्यायच्या आधी लायसन्स बघ, शेजारी तू बस, आणि रंकाळ्यावर पॉप्स अँड बँग्स, म्हणजे सायलेन्सरचे फटाके, वाजवून दाखवू नको, त्यानं किंमत उतरते. पैसे बँकेतनं घे, दोन लाख किंवा त्याच्यावर रोख घेता येत नाही.

प्रश्न : मित्राला गाडी विकली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, पण त्यानं अजून नावावर करून घेतली नाही आणि चलन माझ्या मोबाइलवर येतात. बोललं की म्हणतो करतो की उद्या.
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : काका, उद्या कधी येत नसतो. चलन सोडा, उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये साफ सांगितलंय की आरटीओत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर येते. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तुम्ही कळवलं नसेल तर उशीर का होईना आज लेखी कळवा आणि पोच घ्या. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट मित्राच्या सहीनं करून घ्या, त्याच्या आधारची कॉपी ठेवा. मित्र रुसला तर रुसू दे. गाडीवर तुमचा फास्टॅग असेल तर तो पण बंद करा, नाहीतर किणीच्या टोलला पैसे तुमचे जातायत.

प्रश्न : बेळगावच्या माणसाला गाडी देतोय. माझा ५० टक्के नो क्लेम बोनस गाडीबरोबर त्याला जातो का?
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : नाही, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडनं ह्या बोनसचं (एनसीबीचं) पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांत नवीन गाडी घेतली की तिच्या पॉलिसीला लावता येतो. आणि बेळगाव म्हणजे दुसरं राज्य, तेव्हा फॉर्म २८ ची एनओसी लागणार, त्याच्या आधी जुनी चलनं भरून टाका आणि कर्ज होतं तर फॉर्म ३५ नं बँकेचा बोजा उतरवून घ्या, तो आरसीवर तसाच राहिला तर एनओसी अडकते.