एकाच भांड्यात, क्रीम-चीज न घालता दाटसर व्हेगन पास्ता सोप्या पद्धतीने कसा करावा? चव लागते का?

होतो, आणि चवही लागते. आता मूळ मुद्द्याकडे येते. या ‘एकाच भांड्यात’वरून आमच्या घरात चार वर्षं धुसफूस चालू आहे. प्रश्न वाचला आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले.

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना व्हेगन झाली. तूप नाही, ताक नाही, चहात दूध नाही, मधसुद्धा नाही. पहिला महिना मी चिडचिड केली, मग शिकले. आम्हा दोघींपुरता हा पास्ता मी आठवड्यातून एकदा करायला लागले आणि तो छान व्हायचा. तेवढ्यात तिचा वाढदिवस आला. घरची चौदा माणसं येणार होती आणि पोरीला जेवणात पास्ताच हवा होता.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तेव्हा नुकताच दोन दिवसांचा इटालियन क्लास केला होता. स्वयंपाकघरात आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगं, पाणी ओतून नाही दिलंस?” म्हटलं, नाही, यातच आटवायचं. “शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी, उकळायचं, गाळायचं. चिकट होणार बघ तुझा.” मी म्हटलं, जाऊबाई, तो चिकटपणाच तर हवाय मला.

आणि मग माती खाल्ली. पाव किलोचं प्रमाण सरळ चारपट केलं. एक किलो पास्ता, तीन लिटर पाणी, बासुंदीचं खोल पातेलं. एवढ्या पाण्याला उकळी फुटायलाच जन्म गेला, तोवर पास्ता भिजून फुगला. तळाचा लागला, वरचा कच्चा राहिला. ढवळून ढवळून तुकडे झाले. चव उत्तम होती, हे मी आजही सांगेन, पण ताटात पडला तो गोळा. तेव्हापासून बारसं असो की डोहाळजेवण, “हिच्या पास्त्याची खीर” निघाल्याशिवाय पंगत उठत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की चूक प्रमाणाची होती, पद्धतीची नव्हती. जाऊबाईंचं माहेर सोलापूरचं. त्यांच्याकडे चकोल्या कशा करतात? कणकेचे तुकडे थेट उकळत्या आमटीत सोडतात, त्यांचं पीठ सुटतं आणि आमटी दाट होते. चकोल्या वेगळ्या पाण्यात उकडून, चाळणीत निथळून मग आमटीत घालणारं कुणी मी तरी पाहिलं नाही. पास्त्याचंही तसंच आहे. त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो, आणि जाऊबाई सिंकमध्ये ओततात ते पाणी म्हणजे अर्धं क्रीम. ‘पण इटलीत असं करत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी सांगते, नेपल्समध्ये बटाटा घालून पास्ता करतात, ‘पास्ता ए पताते’. तो बटाट्याच्याच भांड्यात शिजतो आणि मुद्दाम चिकटसर ठेवतात. उलट क्रीमचंच तिथे एवढं स्तोम नाही. आपल्याकडे क्रीम घालून मिळणारा पांढरा ‘अल्फ्रेडो’ पास्ता घ्या. रोममधला मूळचा अल्फ्रेडो म्हणजे लोणी आणि चीज, त्यात क्रीम नसतंच. क्लासमध्ये हे शिकवलं नसावं.

बरं, कृती. पाव किलो पेने (नळ्यांचा पास्ता) किंवा फुसिली (पिळाचा), तीन-चार माणसांना पुरते. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघून घ्या. मैद्याचा स्वस्त पास्ता या पद्धतीत विरघळतो, तिथे जाऊबाईंची चाळणीच बरी. अर्धी वाटी काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजत घाला. तुकडा काजू घ्या, वाटायचेच आहेत तर अख्ख्याला पैसे कशाला? माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे काजूच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. एक दाणा चावून बघा, खवट असेल तर सगळा पास्ता खवट लागेल.

रुंद, जाड बुडाच्या भांड्यात तेलावर कांदा आणि आठ-दहा लसूण पाकळ्या परता, मग मशरूम किंवा ढोबळी मिरची. पास्ता टाका, त्यावर अडीच कप कडकडीत पाणी आणि एक चहाचा चमचा मीठ. मीठ बेतानेच घाला, पाणी फेकायचं नाहीये. मध्यम आचेवर झाकण न ठेवता शिजू द्या आणि दर दोन मिनिटांनी तळापासून हलवा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-एक मिनिटं जास्त लागतात. काजू अर्धा कप पाण्यात अगदी गंधासारखे वाटून घ्या, पण घालायचे शेवटच्या दोन मिनिटांत. आधी घातलेत तर तळाला धरतात, कारण काजूतही स्टार्च असतो आणि तापला की तो झपाट्याने दाटतो. गॅस बंद करून मिरपूड, थोडी मोहरीची पूड आणि अर्धं लिंबू. चीजची जी आंबूस-खारट चव आपण शोधत असतो, ती बरीचशी इथून येते. न्यूट्रिशनल यीस्ट, म्हणजे चीजसारखी चव देणारं सुकं यीस्ट, मिळालं तर चमचाभर घाला, पण ते महाग असतं. त्याऐवजी पावाचं यीस्ट घालू नका, ती वेगळी वस्तू आहे.

नारळाचं दूध घालू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खाली कुणीतरी सुचवेलच. नका घालू. त्याची सोलकढी करा.

राहिलेलं: पाकिटावर हिरवा ठिपका आहे म्हणजे व्हेगन, असं समजू नका. दुधाची पावडर असली तरी ठिपका हिरवाच असतो, घटक वाचा. जेवणाऱ्यांत कुणाला काजूची ॲलर्जी असेल तर हा बेत रद्दच. गार झाला की पास्ता घट्ट बसतो, वाढताना गरम पाण्याचा हबका मारून सैल करा. आणि पाच माणसांच्या वर जाऊ नका. जास्त असतील तर दोन भांडी चढवा, म्हणजे मग ‘एकाच भांड्यात’ राहत नाही, हे मान्य. जाऊबाईंचं एवढं एक बरोबर होतं, पण ते मी इथे लिहितेय, त्यांना सांगितलेलं नाही. आमचे हे अजूनही वरून चीज किसून घेतात, तेही लपवत नाही.

पास्ता गाळायची स्टीलची मोठी चाळणी आहे माझ्याकडे, वास्तुशांतीला जाऊबाईंनीच दिलेली. चांगली जाड आहे. आत्ता तिच्यात मेथी निथळत ठेवणार आहे.