खुर्च्या कुठे मांडल्या होत्या?

प्रिय,

फॅमिली थेरपीच्या, म्हणजे अख्ख्या घराला एकत्र बसवून करायच्या उपचारांच्या, कोर्सची यादी मागितली होतीस, ती वेगळी पाठवते. थोडक्यात सांगायचं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. 'फॅमिली थेरपिस्ट' असा वेगळा परवाना आपल्याकडे अजून नाही. म्हणून कुठून शिकलीस आणि कुणाच्या देखरेखीखाली केसेस घेतल्यास, याला फार महत्त्व आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं कुटुंबांसाठीचं वेगळं केंद्र जमलं तर आतून बघून ये.

पण मला सांगायचंय ते माझ्या पहिल्या वर्षातल्या एका घराबद्दल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेत जात नव्हता. सोबत आई, वडील, आजी. आजी मधल्या खुर्चीवर बसल्या, मुलगा त्यांना चिकटून. आई दाराजवळ, अंग चोरून. वडील खिडकीपाशी. आई माझ्याच वयाची होती आणि तिचं म्हणणं मला मनापासून पटत होतं. विसाव्या मिनिटाला मी आजींना म्हणाले, "मुलाला जरा आईवर सोपवा ना." पुढच्या आठवड्यात कुणी आलं नाही. फोन केला तर आजीच बोलल्या, "तुम्ही सुनेच्याच निघालात हो." त्यांचं बरोबर होतं.

नंतर वही काढून बघितली. मुलाचं पोट दुखायला लागायचं ते आई-वडिलांचा अबोला सुरू झाला की. मग दोघं मिळून त्याला डॉक्टरकडे न्यायचे. हे आईनेच सांगितलं होतं, मीच लिहून घेतलं होतं, आणि त्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. सून चांगली की सासू, एवढ्यातच मी अडकले होते. फॅमिली थेरपीतले एक मोठे गुरू साल्वादोर मिनुचिन घरातली माणसं कशी बसली आहेत ते बघत आणि चालू सेशनमध्ये त्यांच्या जागा बदलत. माझ्यासमोर चार खुर्च्या सगळं सांगत होत्या. आजही ते आठवलं की त्या मुलासाठी जीव तुटतो.

बाजू घेऊ नकोस याचा अर्थ गप्प बस असा नाही. घरातल्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे की माझी बाजू इथे कुणीतरी ऐकली. वडिलांनाही, जे बहुतेक वेळा 'हिच्या आग्रहाखातर आलो' म्हणत येतात. आजीला आधी नमस्कार कर, तिला विचारल्याशिवाय तिच्या घराबद्दल बोलू नकोस. आपल्याकडे ती नाराज झाली की अख्खं घर उठून जातं.

मारहाण असेल तर मात्र हा नियम लागू नाही. तिथे बाजू घ्यायचीच. नवरा-बायकोला समोरासमोर बसवू नकोस. बायको खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर भोगेल. तिला एकटीला भेट, आधी सुरक्षिततेचं बघ. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वाचून ठेव, तालुक्याचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते माहीत करून घे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुप्तता कुठपर्यंत पाळता येते, हे पहिल्याच भेटीत सर्वांना स्पष्ट सांगायचं.

आणखी एक. ही विद्या परदेशातून आली, आपल्या घरांना चालत नाही, असं तुला कुणी सांगेल. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. माणूस बरा होतो तो घरच्यांसकट, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

नोकरीचं विचारलंस. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्यातच ती सोय आहे. शिवाय व्यसनमुक्ती केंद्रं, शाळा, रुग्णालयं. स्वतःचं काम उभं राहायला वेळ लागतो, तोवर घरभाड्यापुरती पक्की नोकरी धरून ठेव. पैशाची चणचण असली की आपण उपचार संपवून कुटुंबाला मोकळं करायचं लांबवतो. हे मी जवळून पाहिलंय.

पुढची भेट शनिवारी, पाचनंतर. येताना स्वतःच्या घराचा जेनोग्राम, म्हणजे माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढून आण, तीन पिढ्यांचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, बोलणं तुटलेल्यांमध्ये मधोमध तोडलेली रेघ. फॅमिली थेरपीचे एक प्रवर्तक मरे बोवेन यांनी १९६७ साली एका परिषदेत स्वतःच्याच घराची कहाणी मांडली होती, आणि विद्यार्थ्यांनाही ते आपल्या घराकडे परत पाठवत. आजोळच्या बाजूला काही माहीत नसेल तर मामाला फोन कर. तुझ्या आईशी त्याचं बोलणं नाही, हे तू मागे एकदा ओझरतं म्हणाली होतीस. तेवढी रेघही काढ, पेन्सिलीनेच.

तुझ्या,
बाई