देवाचा 'गुन्हा' होतो का?

इंदूरच्याच एका वहिनींचा प्रश्न: एकादशीला नातवाने छप्पन दुकानवर (आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत) पोहे-जलेबी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "देवाचा गुन्हा केलास!" इथे 'पाप' नको का?

हवं. हल्ली कीर्तनातही 'देवाचे गुन्हेगार' ऐकू येतात, तेव्हा उठून जावंसं वाटतं. मराठीत पाप देवाच्या वहीत, गुन्हा ठाण्याच्या. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराला शिक्षा सांगणारं भारतीय दंडविधानाचं कलम 497 रद्द केलं आणि व्यभिचार गुन्हा राहिला नाही. पाप मात्र आहे तिथंच आहे.

पण सासूबाईंवर तुटून पडू नका. फारसीत 'गुनाह' म्हणजे मुळात पापच, आणि आपल्या शेजारच्या हिंदीत अजूनही तेच. खरी गंमत पुढे आहे. या शब्दाचं जुनं रूप 'विनाह'. पारशांच्या पहलवी (म्हणजे मधल्या काळातल्या फारसीतल्या) धर्मग्रंथांत पापाला हाच शब्द. फारसीत आरंभीच्या 'व'चा बरेचदा 'ग' झाला: आपला वृक, म्हणजे लांडगा, तो त्यांचा गुर्ग, वराह तो गुराज़. तसाच विनाह झाला गुनाह, आणि विनाह हा आपल्या 'विनाशा'चा सख्खा चुलतभाऊ! तरीही आमच्याकडचे एक पंडित 'गुणांना हाणतो तो गुन्हा' असं छातीठोक सांगतात. त्यांनी गुर्गाचं काय ते आधी सांगावं.

मग देवाचा शब्द ठाण्यात कसा गेला? माझं मत असं, की मराठीच्या देवघरात 'पाप' आधीच ठाण मांडून होतं, म्हणून पाहुण्याला चावडीवर बसवलं. तिथं तो असा रुळला की पेशवाईच्या कागदांत 'गुन्हेगारी' म्हणजे चक्क दंडाची रक्कम, सरकारी जमेची एक बाब!

जुन्यांना दोन्ही वह्या ठाऊक होत्या. याज्ञवल्क्यस्मृतीत व्यवहाराचा, म्हणजे न्यायनिवाड्याचा, अध्याय निराळा, प्रायश्चित्ताचा निराळा. मनुस्मृतीचा आठवा अध्याय मात्र म्हणतो, पाप करून राजाचा दंड भोगलेला माणूस निर्मळ होऊन पुण्यवंतासारखा स्वर्गात जातो. म्हणजे एकाच पावतीवर दोन्ही खाती चुकती. ज्यांना हे दोन प्रांत कायमचे वेगळे वाटतात, त्यांनी हा श्लोक सोयीने गाळलेला असतो.

हां, नातू. सासूबाई फारसीत बरोबर, मराठीत चूक. आणि जलेबीतही मैदा असतो; तीही पोह्यांबरोबरच धरा.