द्राक्षबागेतलं शेततळं, फवारणी आणि हळद-लसणाचं खाद्य

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: निफाडकडं द्राक्षबाग, मधोमध अस्तराचं शेततळं, त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे. फवारणी झाली की दोन-तीन दिवस मासे खाद्याकडं फिरकत नाहीत. व्हिडिओत सांगतात तसं हळद-लसूण चारलं तर बाधा टळेल का?

उपयोग आहे, पण तुम्हाला हवाय तो नाही.

सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही फवारणीची कीडनाशकं माशाच्या कल्ल्यांतून आत जातात आणि थेट मज्जातंतूंवर बसतात. आपलं शरीर ती भराभर मोडून टाकतं, माशाला ते जमत नाही. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम झालं तरी खेळ खलास. आणि डब्यावरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या पिवळ्या त्रिकोणावर जाऊ नका. तो रंग उंदरासारख्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतो, माशाचा त्यात हिशेबच नाही.

माझं पहिलं तळं असंच गेलं. पुतण्यानं फवारणीचा पंप चारीत धुतला आणि चारी उतरत होती तळ्यात. थोड्याच वेळात मासे गोल गोल फिरायला लागले, मग कुशीवर पडून झटके द्यायला लागले. मी धावपळ करून लसूण कुटला, खाद्याला चोळला, टाकला. एकानंही तोंड लावलं नाही. बाधा झालेला मासा खातच नाही, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? त्या वेळी खाद्य बंद करायचं, पाणी बदलायचं, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवायचा, बस्स.

हळद-लसणाचं खरं काम दुसरं आहे. फवारणीचं औषध थोडं थोडं, मारणार नाही इतकं, आठवडेच्या आठवडे पाण्यात येत राहतं तेव्हा यकृतावर ताण येतो, पेशींची झीज होते, वाढ खुंटते. इजिप्तमध्ये नाईल तिलापिया माशावर स्पिरुलिना (एक शेवाळ), लसूण, कलौंजी देऊन असे बरेच प्रयोग झालेत. पण ते टाक्यांमध्ये, मोजून-मापून दिलेल्या विषावर, खाद्यही कित्येक दिवस सलग देऊन. रक्त-यकृताच्या तपासण्या सुधारतात, बऱ्याचदा पूर्ण मूळपदावर येत नाहीत. ढाल नव्हे, टेकू म्हणा.

मी वापरतो ते प्रमाण: किलोभर खाद्याला ५ ग्रॅम हळद आणि १० ग्रॅम सोललेला लसूण. हळद घरची दळलेली घ्या, बाजारची रंग मारलेली नको. मैद्याची पातळ खळ करून पूर्ण गार होऊ द्या, मगच लसूण वाटून त्यात घाला. गरम खळीत घातला तर त्याचा गुण जातो. खाद्याला चोळून सावलीत वाळवा, वर तेलाचा हात फिरवा. दोन-तीन दिवसांचंच करा, चौथ्या दिवशी वास बदलतो. सुरुवात ऑक्टोबर छाटणीच्या तीन-चार आठवडे आधी, म्हणजे सप्टेंबरात.

शेवग्याचा पाला विचारलात. चिमूटभर ठीक, मूठभर नको, त्यातल्या टॅनिन-सॅपोनिन या कडू-तुरट द्रव्यांनी वाढ मार खाते. झाडपाला म्हणजे निर्धोक असं कुठंय? नको असलेले मासे मारायला आपणच मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी दोन-अडीच टन मोहाची पेंड टाकतो, तिथं मारणारं सॅपोनिनच असतं.

तुमच्याकडं खरी गळती पाण्यात आणि वाऱ्यात असणार. तळ्याचा बांध चारही बाजूंनी हातभर उंच करा, चारी वळवा. तळ्यालगतच्या दोन ओळींना ब्लोअर (पंख्याचा फवारा) नको, हातातल्या गननं मारा, तेही वारा तळ्याकडून बागेकडं असताना. तळ्यात पाइप बुडवून टाकी भरू नका, औषध उलटं येतं. आणि बाहेरचं पाणी घेण्याआधी ते टपात भरून दहा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दिवसभर सोडून बघा. बिनखर्चाची प्रयोगशाळा!

एक बजावतो. असल्या खाद्यानं अंगातलं औषध निघून गेलं असं धरून बाधा झालेले मासे बाजारात नेऊ नका.

आता मला एवढं कळवा: फवारणीनंतर किती तासांनी मासे खाणं सोडतात, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात का? उन्हं चढल्यावर आपोआप खाली जात असतील, तर ती प्राणवायूची कमतरता. मग फवारणीला उगाच दोष देतोय आपण, आणि हळदीलाही तिथं काम नाही.